तापात झटका आला. आता दोन वर्षं रोज औषध? आणि लसीचं काय करू?

महालवाली

मुलगा १७ महिन्यांचा, वजन ९ किलो ६००. आजोबा त्याला खंड्या म्हणतात, इथेही तेच लिहिते.

तान्ह्या पोळ्याच्या (लहान मुलांनी लाकडी नंदी ओढायच्या सणाच्या) सकाळची गोष्ट. आदल्या रात्री नाक वाहत होतं, पण दूध प्यायला, झोपला, त्यामुळे सर्दी म्हणून सोडून दिलं. सकाळी दहाच्या सुमारास त्याला धोतर नेसवलं, टोपी घातली आणि हॉलमध्ये उभं करून हातात नंदीची दोरी दिली. मागच्या वर्षी तो पाच महिन्यांचा होता, तेव्हा नंदी नुसता शेजारी ठेवून फोटो काढला होता. यंदा स्वतः ओढणार, शेजाऱ्यांकडून बोजारा (खाऊ-पैसे) घेऊन येणार म्हणून नवरा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता.

खंड्या मटकन बसला आणि आडवा झाला. दोरी मुठीतच होती. नंदीची चाकं फरशीवर टकटकटकटक वाजायला लागली. मला वाटलं पडल्यापडल्या नंदी हलवतोय. मी हसले. व्हिडिओत माझं हसणं ऐकू येतं, ते आता मला ऐकवत नाही. मग जवळ जाऊन बघते तर डोळे वर गेलेले, ओठ जांभळे, तोंडाच्या कोपऱ्यात फेस आणि दोन्ही हातपाय एका लयीत उडताहेत. चाकं त्यामुळे वाजत होती.

पुढचं सगळं एकदम झालं. सासूबाई कांदा फोडायला धावल्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दातखिळी बसेल म्हणून स्टीलचा चमचा तोंडात घालायचा प्रयत्न केला, तो हिरडीला लागला, रक्त आलं. रक्त बघून मला वाटलं जीभ तुटली. नवऱ्याने मोबाईल सोफ्यावर टाकला आणि पोराला उचलून पळत सुटला. गाडी काढायचा प्रश्नच नव्हता, त्या दिवशी आमच्या महाल भागात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते हे नागपूरकरांना सांगायला नको. ढोल, धूर आणि हजारो लोकांचं ‘घेऊन जा गे मारबत’. त्या गर्दीतून नवरा पोराला खांद्यावर घेऊन चिटणीस पार्कच्या बाजूने गल्ल्यागल्ल्यांतून निघाला, मी मागे अनवाणी. आग्यारामदेवीच्या पुढे ऑटो मिळाला. धंतोलीतल्या दवाखान्यात पोहोचलो तोपर्यंत खंड्या खांद्यावर गाढ झोपलेला. ताप १०३.२.

मी सांगितलं, अर्धा तास झटका होता. नवरा म्हणाला, दहा मिनिटं. रात्री व्हिडिओ पाहिला. मोबाईल उलटा पडल्यावर चित्र नाही, पण आवाज आहे. चाकं वाजायला लागल्यापासून थांबेपर्यंत १ मिनिट ५० सेकंद.

बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, घसा लाल आहे म्हणाले, काही तास ठेवून घेतलं. दुपारी तीनला त्याने डोळे उघडले आणि बिस्किट मागितलं. डॉक्टर म्हणाले, हा तापातला साधा झटका आहे, ईईजी (मेंदूचा आलेख) नको, स्कॅन नको, रोजचं औषध नको. संध्याकाळी घरी पाठवलं.

इथवर ठीक होतं. दिरांच्या ओळखीने दुसऱ्या दिवशी आणखी एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तीन मिनिटांत ईईजी, एमआरआय आणि व्हॅल्प्रोएटचं (मिरगीवरच्या औषधाचं) सिरप दिवसातून दोनदा, दोन वर्षं, असं लिहून दिलं. व्हिडिओ बघू का असंही विचारलं नाही. बाटली आणलीय, उघडलेली नाही.

त्याच रात्री सासूबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, ‘याच्या बापालेही झाले होते. दोनदा. तिसरं लागेपर्यंत.’ माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली, हे मला आज कळतंय. लग्न जुळवताना कुणी मिरगी म्हणेल म्हणून घरात कुणी बोललं नाही. नवऱ्यालाही माहीत नव्हतं! तो आता ३४ वर्षांचा आहे, धडधाकट.

मी इतवारीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोब बघते. मला ‘काळजी करू नका’ने झोप लागत नाही, आकडा दिला की लागते. तर सांगा, हे पुन्हा येण्याची शक्यता किती? मिरगी होण्याची किती? दोन डॉक्टर दोन टोकांचं सांगतात, बाटली उघडायची की नाही? आणि पुढच्या आठवड्यात त्याची दीड वर्षाची लस आहे, ती घ्यायची की पुढे ढकलायची? सध्या मी दर दोन तासांनी गजर लावून थर्मामीटर लावते. नवरा म्हणतो, तू आधी आजारी पडशील.

बापूजी_हुडकेश्वर

बाई, भेऊ नको. माह्या पोट्टीले बी असेच झटके येत होते. चार खेपा आले, चार वर्षाची झाली अन् मंग बंद. आता तिलेच दोन पोट्टे हायेत अन् ते मलेच औषध घ्याले सांगते.

आमच्या वक्ताले कांदा नाई तं पायताण हुंगवत. कांदा फोडून आनेपर्यंत झटका आपोआप थांबे, म्हून लोकायले वाटे कांद्यानं थांबला. मले हे कळाले साठ वर्षं लागले.

रामदासपेठ_०७

माझं स्पष्ट मत, एमआरआय करून टाका. पैसे जातील पण मनाची खात्री होते. मुलाच्या डोक्याचा प्रश्न आहे.

निवृत्त_सिस्टर

महालवाली, मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केली, २०२१ ला रिटायर झाले. त्यामुळे औषध कोणतं हे मी सांगणार नाही, पण तुमची ती हिशोबाची वही भरून देते.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात दर शंभरात दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. सगळ्यात जास्त वर्ष ते दीड वर्षाच्या आसपास. म्हणजे तुमच्या गल्लीत पन्नास लहान मुलं असतील तर एकदोघांना येणारच, फक्त कुणी सांगत नाही. का सांगत नाही ते तुमच्या सासूबाईंनी सांगितलंच आहे. त्यांच्यावर रागावू नका, त्या काळी मुलीचंच नाही, तर मुलाचंही लग्न मोडायचं यावरून.

साधा झटका कोणता? पूर्ण अंगाला येतो, पंधरा मिनिटांच्या आत थांबतो (बहुतेक वेळा दोनतीन मिनिटांतच), चोवीस तासांत पुन्हा येत नाही, आणि नंतर मूल झोपून उठलं की पहिल्यासारखं. तुमचा तसाच आहे. बिस्किट मागितलं ना? वॉर्डात आम्ही त्याचीच वाट बघायचो. डॉक्टर राउंडला आले की पहिला प्रश्न, ‘उठला का? ओळखतो का? काही मागितलं का?’

आता आकडे. पुन्हा येण्याची शक्यता सर्वसाधारण तीनात एक. पण तुम्हाला खरं ऐकायचं आहे असं दिसतं, म्हणून सांगते. पहिला झटका दीड वर्षाच्या आत आला, सख्ख्या नात्यात कुणाला येऊन गेला, ताप चढल्यावर तासाभरातच आला, किंवा ताप फार नसताना आला, तर ही शक्यता वाढते. तुमच्या खंड्याकडे यातले पहिले तीन आहेत. तेव्हा निम्म्याहून जास्त धरा. पुन्हा येईल असंच समजून घर तयार ठेवा.

आणि मिरगी? कुठल्याही मुलाला पुढे मिरगी होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. साधा झटका येऊन गेलेल्यांत ती एक ते दोन. म्हणजे ९८ जणांना नाही. अशा झटक्याने डोकं मंद होत नाही, शाळेत मागे पडत नाही. तुमचे साहेब घरातच पुरावा म्हणून फिरताहेत.

रामदासपेठवाले भाऊ, एमआरआयने खात्री होते म्हणता. १७ महिन्यांचं मूल त्या भोंग्यात हलल्याशिवाय पडून राहत नाही हो, त्याला गुंगी द्यावी लागते, कधी पूर्ण भूल. ज्या तपासणीतून काही निघायचं नाही तिच्यासाठी भूल कशाला? ईईजीचंही तसंच. तापातल्या झटक्यानंतर काही दिवस तो बिघडलेला दिसू शकतो, आणि त्यावरून पुढे मिरगी होईल की नाही हे कळत नाही. मग तो कागद बघून औषध सुरू होतं. मी असे कागद खूप पाहिले.

व्हॅल्प्रोएटबद्दल एवढंच, की ते रोज दिलं तर झटके कमी होतात हे खरं आहे. म्हणून ज्यांनी लिहिलं ते अगदी हवेतून लिहिलेलं नाही. पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या लिव्हरला त्याचा धोका जास्त असतो. आपोआप थांबणाऱ्या, नुकसान न करणाऱ्या झटक्यासाठी एवढी किंमत द्यायची नाही, असं आता बहुतेक बालरोगतज्ज्ञ धरतात. बाटली घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे जा आणि समोर ठेवून विचारा. व्हिडिओ दाखवा. व्हिडिओसारखा साक्षीदार नाही. आमच्या वेळी आया हात हलवून दाखवायच्या, आणि त्यावरून डॉक्टर ओळखायचे.

दर दोन तासांचा गजर बंद करा. तापाचं औषध वेळच्या वेळी दिल्याने झटका टळत नाही. हे ऐकून लोक माझ्याशी भांडतात, पण हे तपासून पाहिलेलं आहे. पॅरासिटामॉल द्यायचं ते मुलाला बरं वाटावं म्हणून. झटका आला म्हणजे आई झोपली होती म्हणून आला, असं नसतं. कितीतरी वेळा आधी झटका येतो आणि ताप नंतर कळतो, तुमच्याकडे झालं तसंच.

पॅरासिटामॉलवरून एक सांगतेच, कारण यात मी सगळ्यात जास्त चुका पाहिल्या. घरातल्या बाटल्या काढा आणि लेबल वाचा. एका बाटलीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीवर ५ मिलीत २५०, आणि ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १००. नऊ-साडेनऊ किलोच्या लेकराला डॉक्टर एका वेळी साधारण १०० ते १४० मिलिग्रॅम देतात. ते १२५ वाल्यातून चार ते साडेपाच मिली होतं, २५० वाल्यातून दोन ते पावणेतीन, ड्रॉप्समधून एक ते १.४ मिली. आजी म्हणते ‘एक चमचा दे’, आणि बाटली बदललेली असते. स्वयंपाकघरातला चमचा तर वापरूच नका, सोबत येणारी सिरिंज किंवा टोपण घ्या. तुमच्या डॉक्टरांकडून मिली लिहून घ्या आणि त्याच ताकदीची बाटली पुन्हा आणा. मेडिकलवाला ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणाला तरी लेबल बघा. निमेसुलाइड तर बारा वर्षांच्या आत २०११ पासून बंदच आहे, जुनं काही घरात असेल तर फेका. आणि सर्दी-खोकल्याची सिरपं स्वतःच्या मनाने नकोतच. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं दूषित खोकल्याच्या औषधाने किडन्या निकामी होऊन नागपुरात आली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

आता तो चमचा. जीभ गिळली जात नाही. कुणाचीच जात नाही. तोंडात काही घातलं की दात तुटतो, हिरडी फाटते, किंवा तुटलेला दात श्वासनलिकेत जातो. वॉर्डात एक बाप आला होता, मुलाचं काही नव्हतं, बापाच्याच बोटाला तीन टाके पडले. पुन्हा झटका आला तर मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, लाळ बाहेर जाऊ द्या, मान-कमरेचे कपडे सैल करा, घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. पाणी, औषध, काहीही तोंडातून नाही. गार पाणीही ओतू नका. एकदा नवतपात, भर उन्हाळ्यात, कूलरच्या टाकीत बुडवलेलं पोतं गुंडाळून एक मूल आणलं होतं. ते बिचारं थंडीने थडथडत होतं आणि आतून ताप तसाच.

पाच मिनिटं झाली आणि थांबलं नाही, तर १०८ किंवा जी गाडी हाताशी असेल ती. पाच हा आकडा लक्षात ठेवा, कारण पाचच्या पुढे गेलेला झटका आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते. एकाच बाजूचा हातपाय उडाला, त्याच दिवशी पुन्हा आला, तासाभरानेही मूल नीट शुद्धीवर येत नाही, मान ताठ, सारख्या उलट्या, अंगावर दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे डाग, किंवा मूल सहा महिन्यांच्या आतलं, तर मात्र ‘साधा झटका आहे’ म्हणून घरी बसायचं नाही.

हे शेवटचं मी जोर देऊन लिहिते, कारण आपल्या भागाला त्याचा इतिहास आहे. चांदीपुरा हे गाव आपल्या नागपूरजवळचंच, तिथे १९६५ साली तो विषाणू सापडला आणि गावाचंच नाव त्याला पडलं. २००३ च्या पावसाळ्यात आंध्रात आणि आपल्या महाराष्ट्रात त्याची साथ आली, २०२४ मध्ये गुजरातेत. वाळूमाशी चावून होतो. त्यातही ताप आणि झटका, पण ते मूल उठून बिस्किट मागत नाही. सकाळी ताप, संध्याकाळी बेशुद्ध. झटक्यानंतर मूल कसं उठतं इकडे लक्ष ठेवायचं, ताप १०१ की १०३ याने एवढा फरक पडत नाही.

लसीचं उद्या लिहिते, नातीला शाळेतून आणायचं आहे.

मानेवाड्याचा_बाबा

सिस्टरांनी लिहिलंय त्याची दुसरी बाजू आमच्या घरी आहे, म्हणून लिहितो.

मुलगी १४ महिन्यांची असताना पहिला झटका. फक्त डावा हात आणि डावी पापणी. वीस मिनिटं. बायकोला वाटलं हाताला मुंग्या आल्या असतील, कारण बाकी पोरगी नुसती टक लावून बघत होती. त्याच रात्री वॉर्डात पुन्हा. आमचा ‘साधा’ नव्हता, त्यामुळे ईईजी झाला, एमआरआयही झाला, आणि पाठीतून पाणीही काढलं. पाठीतून पाणी म्हटल्यावर माझ्या आईने दवाखान्यात गोंधळ घातला, पोरगी लुळी पडेल म्हणून. पडली नाही. मेंदूज्वर नाही हे त्याच तपासणीतून कळलं, आणि त्या रात्री मी पहिल्यांदा चहा प्यायलो. मला सांगायचं ते हे, की तुमच्याकडे तपासण्या नको म्हणाले त्याचा अर्थ डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं असा नाही. गरज असेल तिथे ते रात्री दोनलाही करतात.

आम्हाला रोजचं औषध दिलं नाही. ताप आला की दोनतीन दिवस क्लोबाझाम (झटका टाळायचं औषध), सकाळ-संध्याकाळ, वजनावर ठरवून. तीनदा दिलं. पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं की याने मूल झिंगतं. पोरगी भिंतीला धरून चालायची, दोन पावलं टाकून बसायची, आणि विनाकारण चिडायची. आजोबा म्हणाले, ‘हिला कोणी पाजली?’ आता माहीत आहे म्हणून हसतो. तुमचे डॉक्टर हे देतील किंवा नाही देणार, आमच्या ओळखीत साध्या झटक्याला अजिबात न देणारेही आहेत. पण दिलं तर जिन्याला फाटक लावा.

खरी कामाची वस्तू म्हणजे मिडाझोलामचा नाकातला स्प्रे. झटका पाच मिनिटांवर गेला तर द्यायचा, किती पफ ते वजनावर डॉक्टर लिहून देतात. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि प्रत्येक मेडिकलमध्ये असतोच असं नाही, आम्हाला मानेवाड्यात मिळाला नाही, मेडिकल चौकात मिळाला. एक घरी, एक पाळणाघरात. वापरायची वेळ एकदाच आली. हात इतका थरथरत होता की पहिला पफ माझ्याच मनगटावर उडाला. तेव्हा आधी डॉक्टरांसमोर एकदा हातात धरून बघा. एक्स्पायरी मोबाईलच्या कॅलेंडरात टाका.

पोरगी आता सहाची आहे. शेवटचा झटका साडेतीनला.

निवृत्त_सिस्टर

मानेवाड्याचे बाबा, तुमचं मनगट वाचून हसले. एका नव्या सिस्टरने माझ्या चष्म्यावर मारला होता.

महालवाली, लसीचं. १६ ते २४ महिन्यांत सरकारी वेळापत्रकात त्रिगुणीचा पहिला बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. दोन्हींनी ताप येऊ शकतो, पण वेळ वेगळी. त्रिगुणीचा ताप आला तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. गोवर-रुबेलाचा येतो आठवड्याने, साधारण सातव्या ते बाराव्या दिवसाच्या मधे, तोवर आई लस विसरलेली असते. तापातला झटका येऊन गेला म्हणून लस बंद करायची नसते. लसीच्या तापात झटका आलाच तर तो इतर तापातल्यासारखाच असतो. उलट गोवर झाला तर त्यातला ताप आणि त्यातले झटके कुठे. मात्र लस टोचण्याआधी तिथल्या सिस्टरला झटक्याबद्दल सांगा, आणि अंगात ताप असताना जाऊ नका. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि पुढे सातवा ते बारावा दिवस पेनाने घेरून ठेवा.

आणि एकदा हिमोग्लोबिन बघायला सांगा. लोह कमी असलेल्या मुलांत हे झटके जास्त दिसतात. बाटलीच्या दुधावर वाढणारी लेकरं आपल्याकडे गोरी-गुटगुटीत दिसतात आणि आतून रक्त कमी. खंड्या दूध किती पितो?

महालवाली

लाज वाटते सांगायला. दिवसाला सहा बाटल्या.

निवृत्त_सिस्टर

लाज कसली, आकडा विचारला, तुम्ही दिलात. निम्म्यावर आणा, वरण-भात, अंडं चालत असेल तर अंडं, पालक घातलेलं थालीपीठ. पण आधी रक्त तपासा.

महालवाली

नऊ दिवसांनी लिहिते आहे.

पहिल्या डॉक्टरांकडे बाटली आणि मोबाईल घेऊन गेले. त्यांनी व्हिडिओ दोनदा ऐकला, दुसऱ्यांदा घड्याळ लावून. ‘एक पन्नास,’ म्हणाले, जसं काही मी बिल पास करायला आणलंय. नवऱ्याच्या लहानपणच्या झटक्यांचा इतिहास लिहून घेतला. रोजचं औषध नको यावर ठाम आहेत. क्लोबाझामही सध्या नको म्हणाले, घरात पाच मिनिटांत मदत मिळू शकते म्हणून. मी म्हटलं, डॉक्टर, मारबतीच्या दिवशी पाच मिनिटांत महालातून मुंगीसुद्धा बाहेर पडत नाही! तेव्हा हसले आणि स्प्रे लिहून दिला. रिकाम्या स्प्रेने माझ्याकडून आणि नवऱ्याकडून करून घेतलं. सासूबाई म्हणाल्या मलाही दाखवा, दिवसभर तर माझ्याजवळच असतो. त्यांचा हात आमच्या दोघांपेक्षा स्थिर होता.

हिमोग्लोबिन ८.९. लोहाचं औषध सुरू आहे, शी काळी होते म्हणून घाबरू नका असं आधीच सांगितलं, बरं झालं सांगितलं. दूध सहावरून तीन बाटल्यांवर आलंय, पहिले चार दिवस घरात रणांगण होतं.

लस काल घेतली. आज ९९.८, खेळतोय. कॅलेंडरवर सातवा ते बारावा दिवस लाल पेनाने घेरला आहे. सासूबाईंनी त्याच्या खाली स्वतःच्या अक्षरात ‘कांदा नाही’ लिहून ठेवलंय.

गजर एकच ठेवला, रात्री दोनचा. तोही कमी करेन. एक गोष्ट अजून जमत नाही. खंड्याला नंदी हवाच असतो, सकाळी उठला की दोरी धरून हॉलभर ओढतो. चाकं वाजली की मी असेन तिथून पळत येते. नवरा म्हणाला, चाकांना जुन्या सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवू. रविवारी चिकटवलं. आता आवाज येत नाही म्हणून मी दर पाच मिनिटांनी बघायला जाते. काढून टाकणार आहे ते रबर.

बापूजी_हुडकेश्वर

काढ बाई. वाजू दे.

निवृत्त_सिस्टर

हिरडीवरची जखम भरली का?

महालवाली

भरली. चमचावाल्या काकू रोज विचारायला येतात, आणि येताना त्याच्यासाठी अंडं उकडून आणतात.